गाठ न मारलेला फुगा

तिसरीच्या बाई तशा कुणाच्या बापाला घाबरत नसत. पालकसभेत तावातावाने उठलेले बापही त्यांच्यापुढे मवाळ होऊन बसत. पण फुगा दिसला की बाई चार पावलं मागे सरत. आत्ता फुटेल, मग फुटेल, या धास्तीने त्यांनी भाचरांचे सगळे वाढदिवस स्वयंपाकघरात भांडी घासत काढले होते, आणि घरचे बिचारे त्यांच्या कामसूपणाचं कौतुक करत.

दोन वर्षं मागे लागून त्यांनी मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, कसंबसं कबूल करवलं होतं. एक प्रयोगाचा तास घेऊन दाखवायचा. जमला तर दर शुक्रवारचा शेवटचा तास प्रयोगांचा, नाही जमला तर तिथे शुद्धलेखन. विषय रॉकेटचा होता. बाईंनी धोरणीपणाने कागदाची रॉकेटं ठरवली, नळीवर चढवून फुंकर मारायची. तर ऐन वेळी मोठ्या बाई हौसेने फुग्यांचं पाकीट घेऊन आल्या, फुग्याचंच रॉकेट करा म्हणाल्या आणि मागच्या बाकावर ऐसपैस बसल्या. आता नाही कसं म्हणणार?

बाईंनी खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत दोरा ताणला, त्यात नळी ओवली आणि उसनं हसू आणून फुगे वाटले. पुढे काय करायचं ते सांगेपर्यंत धीर कुणाला? एका पठ्ठ्याने फुगा टम्म फुगवला, गाठ मारली आणि बाकावर घासला. फट्!

बाई टेबलाखाली.

बाई वर आल्या त्या खडू पडला होता असं सांगायच्या तयारीनेच, पण तीस जोडी डोळे त्यांच्याकडे बघत होते. आठ वर्षांच्या पोरांना थाप पचत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

"मला फुगे फुटायची भीती वाटते," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून."

त्यांचे कान तापले. मागच्या बाकाकडे बघायची हिंमत झाली नाही. शुद्धलेखनच आता, असं त्यांनी मनाशी धरून टाकलं.

कुणी हसलं मात्र नाही. वर्गातली भिंगरी, जिला वर्षभरात जागेवर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं, ती आपला फुगा घेऊन पुढे आली.

"बाई, त्याने गाठ मारली ना, म्हणून फुटला. हवा जाणार कुठून? आपण गाठ मारायचीच नाही. नुसतं तोंड धरायचं. भीती वाटली की बोटं सैल करायची." तिने करूनही दाखवलं. फुगा फुर्र करून लुळा पडला. "आता तुम्ही धरा."

भिंगरीने पुन्हा फुगवला, बाईंनी तोंड चिमटीत धरलं, दोघींनी तो नळीला चिकटवला. दहापासून उलटे आकडे सुरू झाले. चारलाच बाईंचा धीर संपला आणि बोटं सुटली. फुगा सूंऽऽ करत थेट दारावर जाऊन आपटला. पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला.

तो पळाला कशामुळे, असं मोठ्या बाईंनी विचारलं. हवा मागे पळाली म्हणून फुगा पुढे पळाला, असं मघाच्या पठ्ठ्यानेच सांगितलं. गाठ मारली की हवाही अडकते आणि फुगाही, ही भर त्याने स्वतःच्या अनुभवातून घातली.

"शुक्रवारचा तास तुमचा," मोठ्या बाई म्हणाल्या.

पण बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या पुन्हा खिडकीपाशी उभ्या होत्या, भिंगरी गाल फुगवून फुंकत होती आणि फुगा दोघींच्या नाकांच्या मध्ये वाढत चालला होता.

"बाई, एवढा बास?" तिने दम घेत विचारलं.

बाईंनी डोळे गच्च मिटले.

"अजून दोन फुंका मार," त्या म्हणाल्या.