अर्धी उरलेली हिरवी फीत

मित्रांनो, वन्सं पुस्तक न वाचताच परत करतात हे सिद्ध झालं असतं, तर वहिनींच्या पदरात काय पडणार होतं? घरात शेवटचा शब्द, आणि पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावायला एक चांगलं कारण. एवढ्यासाठी त्यांनी मला कामाला लावलं.

मी एक जुनी हिरवी फीत आहे. पडदे शिवून उरलेल्या कापडातून वहिनींनी मला बेतलं, चारी कडा दुमडून शिवल्या आणि पुस्तकात खुणेला ठेवलं. वाचून संपलेलं कुठलंच पुस्तक त्यांना धड आवडत नसे, धड नावडतही नसे. "सुरुवात झकास, शेवट गुंडाळला," असं बजावून त्या ते वरच्या मजल्यावर नणंदेकडे धाडत. परत येताना सोबत एवढंच यायचं, "छान होतं." दोघींमध्ये बोलायला दुसरं काही नव्हतंच.

या खेपेला वहिनी काहीच बोलल्या नाहीत. संपलेल्या कादंबरीच्या मध्यावर मला ठेवून त्यांनी ती वर पाठवली. मला तेव्हाच डावाचा वास आला. संपलेल्या पुस्तकात खूण कशाला?

वर वेगळीच तऱ्हा. वन्सं रोज मला अलगद काढायच्या, मन लावून वाचायच्या आणि पुन्हा त्याच पानात ठेवायच्या. बाई वाचते, मग लपवते का? मला दोघींचाही संशय येऊ लागला.

पुस्तक परत आलं. मला जागच्या जागी पाहून वहिनींचे डोळे चमकले.

"वन्सं, खरं सांगा, उघडलंत तरी का?"

"अहो, संपवलं! नावाडी घर सोडतो तिथे रडले. पण शेवटी परत येतो, ते नाही पटलं बाई."

"मग फीत हलली कशी नाही?"

"तुमचं अर्धं राहिलंय असं वाटलं. तुमचं पान चुकू नये, म्हणून मी माझ्या पानात बसचं तिकीट घालत होते." वन्सं थबकल्या. "का हो वहिनी, माझी परीक्षा घेत होतात?"

वन्सं जिन्याकडे वळल्या, तशी वहिनींनी कात्री उचलली आणि मला मधोमध कापलं.

"थांबा, वन्सं. ही अर्धी तुमची. चुकलंच माझं. आणि तो परत येतो ते मलाही पटलं नाही. गुंडाळलाच मेल्या लेखकानं शेवट!"

"गुंडाळला कुठे? उगाच ताणला!"

आता दोघी रोज कडाकडा भांडतात. माझ्या कापल्या कडेचे दोरे मात्र सुटत चाललेत. मित्रांनो, संशय आला तर आधी तोंडाने विचारा, आणि कुणाला कापलंच, तर कड शिवायला विसरू नका.

वहिनींना बोलायला माणूस मिळालं, वन्संना हक्काची खूण. किंमत मोजली मी, अर्ध्या अंगानं.