चौथ्या छिद्रावरचं ठिगळ

दचकू नका, मीच बोलतोय! इथं खाली, पुढच्या चाकाच्या वर. मी मोटारसायकलच्या शॉकअपचा रबरी बूट. पेटीच्या भात्यासारखा, घड्याघड्यांचा. गाडी खड्ड्यात आपटली की मिटायचं, वर आली की उघडायचं, आणि आत धूळ जाऊ द्यायची नाही, हेच माझं आयुष्य. उजवीकडं माझा जुळा भाऊ.

सोलापुरात आम्ही पार्सलनं आलो. पूनमनं खोकं उघडलं, आमचा वास घेतला आणि तीनदा शिंकली. अक्कलकोट रस्त्याला तिच्या अप्पांचं, सिद्धरामांचं, पंक्चरचं दुकान, मागं घर. पूनमला गाडीवरून एकटीनं उजनीचे रोहित पक्षी बघायला जायचं होतं. अप्पांची अट एकच.

"माझा हात न लागता हे बूट बदलून दाखव, मग जा. न्हाय जमलं तर किल्ली माझ्याकडं."

पूनम भलती घाबरट. पाना फरशीवर पडला तरी किंचाळायची. पण इंजिनाखाली जॅक लावून तिनं चाक काढलं, प्रत्येक नटाचा फोटो घेतला आणि नट पोळ्यांच्या डब्यात ओळीनं मांडले. शॉकअपचे दांडे खाली ओढून फाटके बूट उतरवले. त्यातला एक जाताजाता मला म्हणाला, "खड्डे लई हायत बाबा, पोट सांभाळ!"

मग आम्ही चढलो. क्लिपा आवळताना इतक्या गुदगुल्या झाल्या! चाक बसलं, डबा रिकामा झाला. एकही नट उरला नाही. पूनम नाचतच हात धुवायला गेली.

तेवढ्यात अप्पा आले. नुसतं बघायला. वाकले आणि त्यांना आमच्या मागच्या बाजूची छिद्रं दिसली. चार माझी, चार भावाची. तीस वर्षांचा हात तो! घासपेपर, सोल्युशन, ठिगळ. आठही बंद. शीळ घालत गेले.

पूनम आली, गाडीवर बसली, ब्रेक धरून हँडल दाबलं. श्वास सोडायला जागाच नाही! आम्ही पुरीसारखे टम्म फुगलो आणि फुर्रर्र! माझी क्लिप उडाली. पूनम किंचाळून लांब.

"बघ," म्हणत अप्पांनी किल्ली खिशात टाकली.

पूनमचे डोळे भरले. तरी ती खाली वाकली. मागं बघितलं.

"अप्पा! ही ठिगळं कुणी लावली?"

"मी. भोक होतं की!"

"हवा जायला असतात ती!"

"रबराला भोक दिसतंय आणि मी बघत बसू व्हय?"

"म्हणजे हात लावलात! अट कुणी मोडली?"

अप्पा आधी ओशाळले, मग असे हसले की टोपी पडली. दोघांनी मिळून ठिगळं सोलली. सात निघाली. माझ्यावरचं आठवं काही केल्या निघेना.

"माझं काम हाय ते, निघंल कसं?" छाती फुगवून अप्पा म्हणाले. पूनमनं माझी उडालेली क्लिप पुन्हा आवळली आणि त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली.

आता आम्ही उजनीच्या काठावर आहोत. समोर गुलाबी पक्षी, पूनमचं "अय्या, अय्या!" चाललंय. मी तीन छिद्रांनी मजेत श्वास घेतोय. कधी वाकून मला बघितलंत तर ती तीन मोकळी राहू द्या. चौथ्याला मात्र हात लावू नका. पूनम सगळ्यांना सांगतेय, एकटी आलेय म्हणून. पण अप्पांचं ठिगळ आलंय की माझ्या पाठीला चिकटून!