डॉक्टरांना विचारलंस का?

अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या एका गावाचा दवाखाना चालवायची डार्लीन त्वाइट, पण पाटीवर नाव डॉ. हॉगनांचं. डार्लीन फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पेशंट तपासणारी, पण कायद्याने डॉक्टरांच्या हाताखालची. डॉक्टर राहायचे दूर शहरात. अडलं की ती त्यांना फोन करायची, नाही अडलं तरी करायची, कारण समोरचा पेशंट हमखास विचारायचा, "डॉक्टरांना विचारलंस का?"

हॉगन निवृत्त झाले तेव्हा कायद्याप्रमाणे दवाखान्याला टाळंच लागलं असतं. पण नेमका कायदा बदलला. आता तिला डोक्यावर डॉक्टर नको! दारावर तिच्या एकटीच्या नावाची पाटी लागली. नवऱ्याने ती ठोकली आणि उगाचच पुन्हा पुन्हा पुसली.

आणि दवाखाना ओस पडला. लोक साध्या खोकल्यालाही शहराकडे गाड्या पिटाळू लागले. असंच चाललं तर टाळं काही चुकत नव्हतं.

"तुझ्यावर भरवसा आहे गं," म्हातारा ऑर्विल कॅफेत म्हणाला, "पण अडलीस तर विचारणार कोणाला?"

डार्लीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच्याच सुनेचं बाळंतपण भर हिमवादळात तिने केलं होतं.

गुरुवारी ऑर्विल आला, तोही बायकोच्या गोळ्या न्यायला. तेवढ्यात थेट शहरातून गाडी हाकत, हाताला फडकं गुंडाळून खुद्द हॉगन आत शिरले. मासे साफ करताना सुरी लागली होती.

"शहरातले डॉक्टर संपले का?" ऑर्विलने विचारलं.

"भरपूर आहेत. पण हात माझा आहे," हॉगन म्हणाले.

डार्लीनने त्यांना आतल्या खोलीत नेलं, जखम धुतली, पाहिली. खोल होती. सवयीने तिने फोन उचलून नंबर लावला, आणि हॉगनांच्या खिशात घंटी वाजली.

ती लाजेने लाल झाली. त्यांनी मात्र गंभीरपणे फोन कानाला लावला. "हं, बोल डार्लीन."

आता मागे काय हटायचं? "तळहात कापलाय. बोटं नीट वळताहेत. पेशंट म्हातारा आणि हट्टी."

"मग तुला काय वाटतं?"

"टाके घालते. आणि जखम भरेपर्यंत मासेमारी बंद."

"फार कडक आहेस बाई! पण बरोबर आहेस. नेहमीच असायचीस. मी नुसता हो म्हणायचो."

डार्लीनने फोन ठेवला. मग एकेक करून नीट टाके घातले.

ती बाहेर आली तर ऑर्विल एक बूट काढून बसलेला. "अंगठा ठणकतोय गं. बघतेस?"

"डॉक्टरांना विचारू का?"

"त्यांना काय विचारतेस?" ऑर्विल म्हणाला. "ते स्वतःच तुझ्याकडे येतात."