तळ्याकाठचा फोन

"देणाऱ्याले फक्त मागायच्या दिवशी आठवू नको, बाई. मधातही विचारपूस करत जाय." सुलोचनाबाईंचा तो मऊ आवाज अजून कानात आहे. एकोडीत मुलींसाठी अभ्यासिका बांधायची म्हणून त्यांनी वर्गणी सुरू केली, आणि त्या गेल्यावर देणाऱ्यांची विचारपूस माझ्याकडे आली.

भिंती उभ्या झाल्या. छप्पर राहिलं.

पहिली देणगी गोदावरीबाईंची. त्या इथल्याच, आता नागपुरात लेकाकडे, अंथरुणाला खिळलेल्या. कार्तिकात मी पहाटे तळ्यात स्नान करते आणि तुळशीपाशी दिवा लावेपर्यंत मौन पाळते. त्या वेळी त्याही जाग्या असतात. म्हणून मी फोन लावते आणि तळ्याकडे धरते. धुकं पाण्यावरून सरकत असतं, बदकं पंख झटकतात, दूर कुठं मासेमाराचा डोंगा पाण्यावर हलतो. त्या ऐकत राहतात. मधेच विचारतात, ही पाणकोंबडी ना? मी बांगडी वाजवते. एकदा म्हणजे हो.

अभ्यासिकेच्या समितीचे अध्यक्ष विनोदभाऊ काल म्हणाले, "उद्या मौन बाजूले ठेवा न् गोदावरीबाईंशी छपराचं बोला. देवाले समजते. पोरी उन्हात बसून वाचून राहिल्या."

खोटं नव्हतं ते. झोपेतसुद्धा त्या उघड्या भिंती पाण्यावर तरंगताना दिसल्या.

आज फोन लावला. ओठ उघडणारच होते, तर त्याच बोलल्या.

"सारे फोन करतात न् काही ना काही मागतात. तुया फोनात नुसतं पाणी राहते." मग जरा थांबून, लहान पोरीसारखं, "आपल्या तळ्याचे शिंगाडे निघाले असतील ना? मले खाऊ घालशील?"

छप्पर जिभेवर होतं. मी बांगडी वाजवली. एकदा.

घरी येऊन तुळशीपाशी दिवा लावला, मौन सुटलं, तेव्हा विनोदभाऊंना सांगितलं. ते कपाळाला हात लावून हसले. छप्पर मागायला पाठवलं, तर शिंगाडे कबूल करून आल्या! मग म्हणाले, जातच आहात तर तिथं तरी बोला.

"आज नाही, भाऊ. आज मागणं त्यायचं आहे," मी म्हटलं. "तोवर पोरींना माझ्या ओसरीत बसवा."

ते पोरींना बोलवायला निघाले.

तळ्यात शिंगाडे लावणाऱ्या टिकारामनं त्याच्या वेलांचे ओले शिंगाडे काढून दिले. मी ते उकडले, फडक्यात बांधले. गरम गाठोडं पोटाशी धरून, विरत चाललेल्या धुक्यातून, नागपूरची एसटी धरायला साकोलीच्या रस्त्याला लागले.