जिन्याच्या वळणावरची पट्टी

मित्रांनो, मी छत्रीच्या कापडाची एक जुनी पट्टी आहे आणि आता फार दमले आहे. तरी सांगते, ऐका.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी मोडक्या छत्रीतून मला हातभर कापून काढलं. चौकटीत ताणून जिन्याच्या वळणावरच्या खिडकीत बसवलं. माझ्या अंगावर बटणाएवढं लोहचुंबक चिकटवलं आणि शेजारी तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं ठेवलं. वारा आला की मी गुणगुणत थरथरते, चुंबक हलतं आणि तारेत इवलीशी वीज तयार होते. तिच्यावर एक छोटा दिवा लागे. हा सगळा खटाटोप काकांच्या थोरल्या बहिणीसाठी होता. आक्कांची नजर अधू, आणि त्या वळणावर भर दुपारीही अंधार.

सुरुवातीला माझं केवढं कौतुक झालं! शेजारीपाजारी मुद्दाम बघायला यायचे. मग जिन्यात विजेचा मोठा दिवा आला आणि मला कुणी विचारेना. कौतुक म्हणजे चार दिवसांचा पाहुणा. काका मात्र दर आठवड्याला माझा ताण बघून जात. वारा पडला की आक्का घरातच बसत. गुडघे दुखत असतील, असं काकांना वाटे.

एके दिवशी वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंनी ओला टॉवेल माझ्यावर वाळत घातला. त्यांचा तरी काय दोष? ताणलेलं काही दिसलं की हात जातोच. माझी थरथर थांबली. वारा छान सुटलाय म्हणून आक्का नेमक्या तेव्हाच निघाल्या. वळणावर त्यांचा पाय चुकला आणि तीन पायऱ्या घसरून त्या खाली बसल्या.

काका धावत आले. “अगं आक्का, मोठा दिवा चालू होता की!”

“दिव्याचं मला काय सांगतोस? वर्ष झालं, काहीच दिसत नाही मला. हिची गुणगुण कानाशी आली की मी वळते.”

“मग बोलली का नाहीस?”

“एवढ्या हौसेनं दिवा केलास तू. कसं सांगू?”

काकांनी टॉवेल काढला. मला पुन्हा ताणताना त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही फार वाईट वाटलं.

मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी ती कुणाला लागते का, एवढं घरात विचारत जा. माझ्या कडा आता उसवल्या आहेत. एखाद्या वाऱ्यात मी टर्रकन फाटेन. त्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी आक्कांचा हात धरून जिना उतरायची सवय करा.