गंजाची घाई

"अगं, बाल्कनीत काय चाललंय तुझं? वास कसला येतोय हा?" बाबांनी आतून विचारलं.

"फरशी धुतेय, बाबा," ती म्हणाली आणि बादलीतला पाना चिमट्यानं वर काढून उन्हात धरला.

पाना अजून नुसता करडाच होता. दोन तास अ‍ॅसिडात बसूनही त्यानं लाल होण्याचं नाव घेतलं नव्हतं. तिनं कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला, कारण हातात रबरी मोजे होते.

बेअरिंगच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसून तिनं पंधरा वर्षं एकच काम केलं होतं. गंजाचा ठिपका दिसला की तुकडा लाल ट्रेमध्ये टाकायचा. सुईच्या टोकाएवढा ठिपकाही तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून तिथले लोक तिला 'भिंगबाई' म्हणत, पाठीमागे आणि तोंडावरही. आणि जो गंज जन्मभर दिसेल तिथून हाकलला, त्यालाच आता घरी बोलावून मिनतवाऱ्या करायची पाळी आली होती.

दुकानदारालाही तिनं कोड्यात टाकलं होतं. अकरा पाने, एक पक्कड, एक हातोडी, दोन छिन्न्या. "ताई, हे घ्या. मुलामा असा आहे की दहा वर्षं गंज चढायचा नाही," तो म्हणाला होता. "गंजणारे नाहीत का?" तिनं विचारलं. त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं लगेच पैसे काढून दिले.

तो दहा वर्षांचा मुलामा अ‍ॅसिडात उतरला. मग तिनं पॉलिश पेपरनं पाने घासले, साबणानं धुतले, कारण तेलाचा अंश राहिला तर गंज तिथं धरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! नंतर मिठाचं पाणी आणि जखमा धुवायचं औषध एकत्र करून फवारलं. पाने फसफसले आणि बघता बघता नारिंगी झाले. पण तो गंज भुकटीसारखा, फडक्याला लागणारा. नवखा गंज. तिनं तो पुसला, पुन्हा फवारलं, वाळवलं, ओल्या भुशात पुरून ठेवलं, परत काढलं. कामावरून आलं की चहाआधी बाल्कनी. चौथ्या दिवशी रंग गडद, विटकरी झाला आणि हाताला लागेनासा झाला. वर तेलाचा पुसट हात फिरवल्यावर तो कित्येक वर्षांचा वाटायला लागला. तपासणीच्या टेबलावर आला असता तर तिनंसुद्धा 'जुना माल' म्हणून शेरा मारला असता.

घाई होती ती रविवारची. रविवारी चार वाजता दादा येणार होता. त्याच्या गॅरेजच्या मालकानं दूर दुसऱ्या शहरात मोठं गॅरेज उघडलं होतं आणि सोमवारी सकाळी तो बायकोमुलांना घेऊन कायमचा तिकडे चालला होता.

दादा येणार म्हणजे जिन्यापर्यंत येणार. गेली अडीच वर्षं तो दारातूनच परत जात होता. बाबांची औषधं, फळं, काय असेल ते तिच्या हातात द्यायचा, पलीकडच्या खोलीतला बाबांचा आवाज क्षणभर ऐकायचा आणि पायऱ्या उतरायचा. कारण तो दिसला की बाबा घर डोक्यावर घेत. "चोर! माझी पेटी नेलीस! बापाची हत्यारं विकून खाल्लीस!" शेजारचे लोक दार उघडून बघत. त्यानंतर दोन दिवस बाबा जेवत नसत. बाकी बऱ्याच गोष्टी त्यांच्या डोक्यातून पुसल्या गेल्या होत्या. आजचा वार, दुपारचं जेवण, कधी कधी बायको गेल्याचंसुद्धा. पेटी तेवढी पक्की बसली होती.

आणि पेटी दादानं नेलीच नव्हती. ती भंगारात दिली होती तिनं.

जुनं घर सोडून या दोन खोल्यांत यायचं ठरलं तेव्हा तिला मागच्या पडवीत, गळक्या टाकीखाली ती पेटी सापडली. निवृत्तीनंतर अकरा वर्षं बाबांनी पेटीला हात लावला नव्हता. कडी तुटून हातात आली. आत सगळं लालभडक, एकमेकांत गच्च बसलेलं, पाना कुठला नि पक्कड कुठली कळेना. भंगारवाला दारात उभाच होता. तिनं विचार केला, नव्या घरात पाय ठेवायला जागा नाही, हे कुठं ठेवायचं? एवढाच विचार केला. सामान उतरलं आणि संध्याकाळी बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "माझी पेटी कुठंय?"

ती पुढ्यातलं खोकं उघडत राहिली. टेम्पो दादानं आणला होता, दादा मेकॅनिक, हत्यारांची गरज त्यालाच. बाबांनी स्वतःच हिशेब जुळवला. "यानं नेली." दादानं तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. तो टेम्पोची दोरी गुंडाळत खाली उतरला.

"तू बोलू नकोस," नंतर जिन्यात तो तिला म्हणाला. "माझ्यावर चिडले तर चिडू देत, मी काय रोज समोर असतो का? तुझ्यावरचा विश्वास उडाला तर तुझ्या हातचा घासही घ्यायचे नाहीत. मग कोण बघणार त्यांच्याकडे?"

तिला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. त्याची लाज तिला अजून वाटते.

रविवारी तीनला तिनं पेटी बाबांच्या पलंगासमोर आणून ठेवली. पेटी मात्र खरोखर जुनी होती, भंगारवाल्याच्याच ढिगातली, दुसऱ्याच कुणाची तरी.

"बाबा, पेटी सापडली बघा. माळ्यावरच होती हो! सामानाच्या मागे. उगाच दादाला बोललो आपण."

'आपण' म्हणताना तिला कसंसंच झालं.

बाबा उठून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद तिनं कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. त्यांनी झाकण उघडलं आणि आत पाहिलं. मग एक पाना उचलून त्याच्यावरून अंगठा फिरवला.

"हे कुणी केलं?"

"काय, बाबा?"

"ही दशा! कुणी केली ही दशा?" त्यांचा आवाज चिरकला. "चौतीस वर्षं! चौतीस वर्षांत एक डाग पडू दिला नाही मी. शनिवारी भोंगा वाजायच्या आधी अर्धा तास सगळी हत्यारं पुसायचो. तेलाचं फडकं फिरवल्याशिवाय पेटी बंद केली नाही कधी. हाताखालच्यांना सांगायचो, हात धुवायच्या आधी पाना पुसा. आणि हे काय? हे माझं?"

पेटी म्हटली की तिला आठवायचा तो भंगारात दिल्या दिवशीचा लाल गोळा, आणि पाच दिवस खपून तिनं तोच हुबेहूब उभा केला होता. बाबांच्या डोक्यातून मात्र पडवीतली ती अकरा वर्षं केव्हाच निघून गेली होती. त्यांच्याजवळ उरले होते ते शनिवार. तिनंही ते पाहिले होते की! लहानपणी कधी त्यांच्या कारखान्यात डबा द्यायला गेली की बाबा तिला कपाटाशेजारच्या स्टुलावर बसवत, आणि पुसलेले पाने चमच्यांसारखे एका ओळीत लावून ठेवत. इतकं पाहूनही तिला ते आठवलं नाही. पाने फक्त जुने कसे दिसतील, याचीच तिला चिंता होती. कारखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेणाऱ्या बाईची ही चूक.

बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायचंही त्यांना सुचेना.

"नेली तर नेली त्यानं," ते पुटपुटले. "पण तो अशी ठेवणार नाही. मी शिकवलंय त्याला. तो गंजू द्यायचा नाही. ही नाहीत ती."

"बाबा," तिनं त्यांचे गुडघे धरले. "दादानं नाही नेली. मी दिली भंगारात. मीच. घर बदलताना. तुम्हाला विचारलं नाही. आणि तुम्ही दादाला बोलत राहिलात तरी मी गप्प बसले. माझं चुकलं, बाबा."

अडीच वर्षं अडवून ठेवलेलं वाक्य बाहेर पडायला अर्धा मिनिटही लागलं नाही. बाबा तिच्याकडे बघत राहिले, नीट, कामाचं ऐकतात तसे.

"भंगारात?"

"हो."

"कशी होती?"

"गंजलेली. सगळी गंजलेली, बाबा. उघडतसुद्धा नव्हती."

त्यांनी मान हलवली. "मग ती माझी नव्हती," ते म्हणाले.

तिनं पुन्हा सांगितलं, टाकीचं सांगितलं, तुटलेल्या कडीचं सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं, आता थोडं समजुतीच्या सुरात, जणू चूक झाली असं वाटून तीच उगाच जीवाला लावून घेतेय. मग ते म्हणाले, "पेपर आहे का घरात? आण. कुणाची का असेनात, हत्यारं आहेत."

तिनं बाल्कनीतले पॉलिश पेपर आणून दिले. बाबा खाली चटईवर उतरून बसले आणि घासू लागले. चार वाजता बेल वाजली.

दारात दादा होता, हातात नेहमीची पिशवी. "कसे आहेत?" त्यानं हळूच विचारलं. तिनं त्याचा हात धरून त्याला आत ओढलं.

"अगं, नको, ओरडतील..."

बाबांनी मान वर केली. बाबांनी दादाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पाळी बदलली का?" त्यांनी विचारलं.

दादानं पिशवी खाली ठेवली. "हो," तो म्हणाला. "आत्ताच."

"मग उभा काय राहिलास? घे एक."

दादा चटईवर बसला. त्यानं पेपरची घडी घातली आणि पाना मांडीवर टेकवून लांबीनं घासायला सुरुवात केली. बाबा त्याच्या हातांकडे बघत होते.

"हात बसलाय तुझा. कुठं शिकलास?"

"घरीच. वडील फिटर होते."

"होते?"

दादाचा हात थांबला. "आहेत," तो म्हणाला.

"बरं आहे मग." बाबांनी पान्यावर फुंकर मारली. "माझा पोरगाही असाच घासतो. माझी पेटी घेऊन गेलाय तो. फार बोललो मी त्याला. मागितली असती तर मीच दिली असती ना! मला आता काय करायचीय?" त्यांनी पाना उलटा केला. "भेटला तर सांग त्याला. म्हणावं, ठेव तुलाच. शनिवारी तेवढं तेलाचं फडकं फिरव."

ती पुढं झाली, पण दादानं मान हलवून तिला थांबवलं. त्याचा चेहरा ओला झाला होता.

"सांगतो," तो म्हणाला.

तिच्या अपराधाची माफी दादाला मिळाली होती. तिनं ती ज्याच्याकडे मागावी असं मात्र आता कुणी उरलं नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि बाप-लेकांच्या मधोमध पडणारा विटकरी भुगा बघत राहिली. उद्या तो केरात जाईल आणि दादाही जाईल.

दादाच्या खिशातला फोन वाजायला लागला. घरी सामानाची बांधाबांध चालली असणार. त्यानं न बघताच फोन बंद केला, आणि बाबांनी जरा सरकून चटईवर त्याला पाय लांबवायला जागा करून दिली.