बावीस माणसांची सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही. नाक मुरडणारे खुशाल मुरडोत. माझा एक कोपरा उंदरानं कुरतडलाय, मधोमध चहाचा डाग आहे, निळे पट्टे विटून राखाडी झालेत. असू द्या! छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, माझ्याएवढे डॉक्टर मांडीवर बसवलेली दुसरी कुणी असेल तर आणा समोर.

पोलिस ॲक्शनला दहा-अकरा वर्षं झाली होती, तेव्हा पडेगावच्या शौकत विणकरानं मला विणलं. सूत जाड, वीण घट्ट. गयास डॉक्टरांच्या लग्नाच्या दावतीसाठी मला विणून घेतलं होतं. दावत एका दिवसात आटोपली. घरच्यांना वाटलं, आता ही माळ्यावर जाणार. पण गयास डॉक्टर होते गुरांचे डॉक्टर. जिल्ह्यात असे डॉक्टर मोजकेच. एकेकाकडं पन्नास-साठ गावं, आणि अडलं तर विचारायला जवळपास कुणी नाही. म्हणून पोळा झाला की येणाऱ्या रविवारी ते या सगळ्यांना आपल्या ओसरीवर बोलवायचे. ना खुर्ची, ना स्टेज, ना हारतुरे. मला अंथरायचं आणि गोल करून बसायचं. गुडघ्याला गुडघा लावला की माझ्यावर बरोबर बावीस माणसं मावतात.

नियम एकच होता. प्रत्येकानं वर्षभरातली आपली एक चूक सांगायची, त्याशिवाय चहा नाही. कुणी शहाणपण पाजळायला लागला की गयास डॉक्टर हात वर करायचे, "मियाँ, कामयाबी घर पे सुनाना. पहले गलती बोलो!"

चौथ्या वर्षी बद्रीनाथ नावाचे तरुण डॉक्टर आले. मुंबईत वाढलेले, नेमणूक पाचोडला. त्यांची पाळी आली, तर माझा एक सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसले. मग एकदाचं बोलले. सारजाबाई नावाची बाई धावत आली होती, "डॉक्टर, चला हो, म्हशीला पान लागलं!" यांना वाटलं, म्हशीनं काहीतरी विषारी पाला खाल्ला. पोट साफ करायचं औषध पाजलं आणि निर्धास्त परतले. दुपारपर्यंत म्हैस गेली. आपल्याकडं सापाचं नाव घेत नाहीत, साप चावला की 'पान लागलं' म्हणतात, हे या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. बाई सांगत होती साप आणि हे ऐकत होते पाला!

कुणी हसलं नाही. पुंजाराम नावाचे जाडजूड डॉक्टर होते, ते म्हणाले, "मी बी नवा असताना असंच केलं व्हतं. पर बोललो नाय कुणापाशी." मग ज्यानं त्यानं आपापल्या गावातली दुखण्यांची बोली नावं सांगितली. बद्रीनाथ डॉक्टरांनी ती सगळी लिहून घेतली. खरं तर नोकरी सोडायचं ठरवूनच ते त्या दिवशी आले होते. राहिले, आणि पुढं तीस वर्षं याच जिल्ह्यात गुरं बरी करत राहिले.

मित्रांनो, असे किती पोळे गेले. मग गयास डॉक्टर वारले. राहत नावाची त्यांची मुलगी तोवर स्वतः गुरांची डॉक्टर झाली होती, पिशोरच्या दवाखान्यात. आणि बद्रीनाथ डॉक्टर झाले होते मोठे साहेब, आसपासच्या सगळ्या जिल्ह्यांतल्या गुरांच्या डॉक्टरांच्या संघाचे अध्यक्ष. एका वर्षी त्यांनी जाहीर केलं, "आता भुईवर बसणं आपल्याला शोभत नाही."

झालं! हॉटेलातला हॉल आला, तीनशे खुर्च्या आल्या, माईक आला, पडदा आला, गळ्यात अडकवायची नावं आली. मी मात्र राहतच्या घरात कणगीमागं उभी. मला राग आला, लई राग आला. जिनं यांना घडवलं तिला कोपऱ्यात ढकलून हे मोठे होणार होय? आणि मला सांगा, तीनशे माणसांपुढं, औषध कंपनीच्या फलकाखाली, कोण सांगेल आपली चूक? सहा वर्षांत एकानंही सांगितली नाही.

सहाव्या वर्षी बद्रीनाथ साहेबांनी स्टेजवरून एक नवी रीत सांगितली. गाय व्यायल्यावर कधी कधी बसते ती उठतच नाही. तिच्या शिरेत कॅल्शियम सोडावं लागतं, आणि तेही हळूहळू. साहेब म्हणाले, एवढा वेळ घालवायची गरज नाही, भराभर सोडा, गाय लगेच उठते. पडद्यावर अशा उठलेल्या सात गाईंचे फोटो दाखवले. टाळ्या पडल्या.

पुढच्याच महिन्यात पिशोरला द्वारकाबाईंची गाय बसली. घरात तेवढी एकच गाय. राहतनं साहेबांवर भरवसा ठेवून औषध भराभर सोडलं. गाईचं काळीज थांबलं, तिनं मान टाकली. द्वारकाबाई गाईच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, आत्ताच तर डोळं उघडलं व्हतं तिनं."

राहत घरी आली आणि मला कणगीमागून ओढून काढलं. गच्चीवर नेऊन काठीनं अशी झोडपली की वर्षानुवर्षांची धूळ उडाली. मला बरं वाटलं! तिनं एकवीस पत्रं लिहिली. त्यातलं एक बद्रीनाथ साहेबांना.

ठरल्या रविवारी मला ओसरीवर अंथरलं, बाकीचे जमले आणि साहेब आले. मला पाहून थबकले. "राहत, खुर्ची नाही का गं? गुडघे दुखतात."

"लोडाला टेका काका, पण बसा खालीच."

ते बसले. राहतनं सुरुवात केली. "माझी चूक. द्वारकाबाईंची गाय माझ्या हातानं मेली. काकांनी सांगितलेली रीत मी पारखून न घेता वापरली."

सगळ्यांच्या नजरा साहेबांकडं. माझा जीव टांगणीला लागला. हा माणूस रागानं उठून गेला असता तर त्याच्यामागं निम्मे उठले असते, आणि पुन्हा माझ्यावर कुणी चूक सांगायला बसलं नसतं. आणि गाई? त्या तशाच मरत राहिल्या असत्या. साहेबांनी तळहात माझ्यावर टेकला. घामानं ओला होता. मला वाटलं, आता उठतात.

ते उठले नाहीत. "ती चूक पोरीची नाय," ते म्हणाले. साहेबी बोली गळून पडली होती, तीस वर्षं गोठ्यागोठ्यांत ऐकलेली बोली तोंडात आली होती. "माझी हाय. गाई सात नव्हत्या, नऊ व्हत्या. दोन जागीच मेल्या. मला वाटलं, त्यांचं दुखणंच वाढलेलं असंल. म्हणून त्या दोघींचं मी बोललोच नाय."

तोच म्हाताऱ्या पुंजाराम डॉक्टरांनी हात वर केला. "साहेब, माझ्याकडं बी एक गेली. मी म्हणलं, माझाच हात चुकला." मग अजून एक हात वर झाला. मग तिसरा. प्रत्येक जण आपल्यालाच दोष देत घरी गप्प बसला होता.

साहेबांनी कागद मागितला. माझ्यावरच मांडी घालून, सगळ्यांदेखत, तीनशे जणांना धाडायचं पत्र लिहिलं. 'ती रीत वापरू नका. मी दोन गाई लपवल्या.' खाली पूर्ण सही केली. दुसऱ्या दिवशी राहतबरोबर पिशोरला जाऊन द्वारकाबाईंच्या अंगणात उभे राहिले आणि तेच पुन्हा तोंडानं सांगितलं. बाई लई बोलल्या. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

आता काही शहाणे म्हणतात, या सतरंजीला काचेत घालून हॉलच्या भिंतीवर लावू. खबरदार! भिंतीला चिकटून मिरवायला मी विणलेली नाही. मित्रांनो, माझी काळजी घ्यायचीच असेल तर मला ऊन दाखवा, झटका, फाटेल तिथं टाका घाला, आणि दर पोळ्याला अंथरा. मी विरून चिंध्या झाले तर दुसरी विणून घ्या, पण बावीस जणांपेक्षा मोठी नको. आणि वर बसाल तेव्हा आपली चूक आपल्या तोंडानं सांगा. जनावरं मुकी असतात. तुम्ही नाही.